लाल ठिगळाची घोंगडी

मी टोचते, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे, मऊ ब्लँकेट नव्हे.

माझी लोकर लोणी गावच्या काळ्या मेंढ्यांची. विणल्यावर मला चिंचोक्याची खळ दिली, म्हणून मी अशी कडक. तुकाबाई सून होऊन आली, तेव्हा तिच्या सासूने, चिमाबाईने, मला तिच्या खांद्यावर टाकले. मग माझ्यावरच बसवून तिला मेंढी झालेल्या राजकन्येची गोष्ट सांगितली.

पुढे चुलीची ठिणगी उडून मला भोक पडले. तुकाबाईने लुगड्याचा लाल तुकडा लावला. तेव्हापासून ती सांगायची त्या गोष्टीतल्या राजकन्येच्या घोंगडीलाही लाल ठिगळ आले. मी काय फुशारले होते तेव्हा.

एकदा शहरातून एक साहेब आले. माझ्यावर बसून चुळबुळत त्यांनी तुकाबाईकडून ती गोष्ट ऐकून टेप केली आणि चहा पिऊन गेले.

वर्षे सरली. मला कांद्याच्या गोण्यांवर टाकले. तरी संध्याकाळी वाडीतली मुले जमली की तुकाबाई मला झटकून अंगणात पसरायची. गेल्या वर्षी तिची सून सुप्रिया हिने नारायणगावहून परीकथांचे पुस्तक आणले. त्यात तीच गोष्ट होती आणि खाली साहेबांचे नाव. शेजारची स्नेहल ते वाचून सहज म्हणाली, "आजी, तुमी पुस्तकातलीच गोष्ट सांगता व्हय?"

तुकाबाईला वाचता येत नाही. तिने मला उचलून पुन्हा गोण्यांवर टाकले. महिनाभर तिने गोष्ट सांगितली नाही की मला पसरले नाही. मला फार वाईट वाटले.

एके दिवशी सुप्रिया कांदे काढायला आली आणि माझे ठिगळ बघून थबकली. मला तशीच उचलून ती सासूकडे गेली.

"आत्या, पुस्तकातलं लाल ठिगळ हेच की. गोष्ट तुमचीच हाय."

तुकाबाईने ठिगळावरून हात फिरवला. "न्हाई गं. गोष्ट सासूबाईंची, त्यांना त्यांच्या आईनं सांगितलेली. माझं ठिगळ तेवढं."

"मग पुस्तकात तुमची नावं का न्हाईत?"

"पावण्यानं गोष्ट इचारली, नाव न्हाई इचारलं."

सुप्रियाने पेन घेतले. साहेबांच्या नावाखाली लिहिले, 'सांगणारी तुकाबाई. तिला सांगणारी चिमाबाई.' मग विचारले, "आन् चिमाबाईंच्या आईचं नाव काय?"

तुकाबाईने मला मांडीवर ओढले. मग हळूच म्हणाली, "मीबी कधी इचारलं न्हाई, बाई."

'चिमाबाईला सांगणारी' एवढेच लिहून सुप्रियाने पुढची जागा कोरी ठेवली. त्या संध्याकाळी मला पुन्हा अंगणात पसरले आणि गोष्ट चिमाबाईच्या नावाने सुरू झाली.

मित्रांनो, तुम्हीही या, बसा, गोष्ट ऐका. मी टोचले, तर तेवढे आठवा, की सांगणारीचे नाव विचारायचे राहिले आहे.