अर्ध्यावर अडकलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे आणि तराजूचाही नव्हे. एका बुटक्या, निळ्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमधला पेट्रोलचा काटा. टाकीत पेट्रोल किती उरलं आहे, एवढंच सांगायचं माझं काम. ते मी एकदा चुकीचं सांगितलं. त्या चुकीला आता उपाय नाही, पण निदान तुमच्या कानावर तरी घालतो.

एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. जाड चष्मा लावलेल्या एका बाईंनी बारीक ब्रशने माझं टोक लाल रंगवलं आणि काच बसवण्याआधी माझ्यावरचा धुळीचा कण फुंकर मारून उडवला. मग मी गाडीत आलो. टाकी मला कधीच दिसली नाही. ती मागे, मी पुढे. टाकीत एक पोकळ तरंगा असतो, त्याला एक दांडी जोडलेली असते. पेट्रोल वर-खाली झालं की तरंगा हलतो, त्याबरोबर दांडी हलते आणि वायरीतून मला तसा निरोप येतो. निरोप येईल तसा मी वळतो. डावीकडे रिकामं, उजवीकडे भरलेलं.

गाडीचे मालक दोन सख्खे भाऊ होते. थोरले सर्वेक्षणाच्या ऑफिसात नकाशे काढायचे. त्यांनी लग्न केलं नव्हतं. धाकटे दुसऱ्या गावी एका शाळेत खेळ शिकवायचे. दोघांनी मिळून गाडी घेतली तेव्हा धाकट्यांच्या बायकोने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "सीटा दोनच. म्हणजे मी जन्मभर नुसता टाटा करायचा."

आणि तिने तो केलाही. डोंगरातल्या रस्त्यांवर शर्यती असायच्या. धाकटे गाडी चालवायचे, थोरले शेजारी मांडीवर नकाशा घेऊन बसायचे. "पुढे डावं वळण. मग पूल. आता सोड." असं सगळं हळू आवाजात चालायचं. अकरा वर्षं मी त्यांना एकदाही वाटेत उभं केलं नाही. धाकटे म्हणायचे, "दादा, तू एक आणि हा काटा एक. बाकी कोणावर माझा भरवसा नाही." मला त्या वेळी फार बरं वाटायचं.

मग एका शर्यतीत थोरल्यांनी उजवं वळण डावं सांगितलं. गाडी दगडी कठड्याला घासत गेली. कोणाला लागलं नाही, पण शर्यत हातची गेली. खाली उतरल्यावर, चारचौघांसमोर, धाकटे बोलून गेले, "जन्मभर नकाशे काढलेस आणि एक वळण वाचता येत नाही तुला."

थोरल्यांनी नकाशाची घडी घातली. "मग यापुढे तुझा रस्ता तूच शोध," एवढंच ते म्हणाले.

मित्रांनो, भांडण एवढंच होतं. दोन वाक्यांचं. पण त्यानंतर दोन वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. धाकट्यांनी दोनदा फोन केला. थोरल्यांनी तो उचलून ठेवून दिला.

गाडी थोरल्यांच्या शेडमध्ये राहिली. तिच्यावर ताडपत्री आली. बॅटरी उतरू नये म्हणून थोरले दर रविवारी सकाळी इंजिन चालू करायचे आणि पंधरा मिनिटं स्टिअरिंगसमोर नुसते बसून राहायचे. शेजारची सीट रिकामी असताना गाडी रस्त्यावर काढायची नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. प्रत्येक रविवारी थोडं पेट्रोल जळायचं. पण मी अर्ध्यावरच होतो. मला खालून दुसरा निरोपच येत नव्हता. थोरले माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "अर्धी आहे अजून."

एके दिवशी दुपारी वहिनींचा, म्हणजे धाकट्यांच्या बायकोचा, फोन आला. थोरले तसेच धावत शेडमध्ये आले आणि त्यांनी ताडपत्री ओढून काढली. धाकटे इस्पितळात होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोणाला बोलवायचं असेल तर आजच बोलवा. धाकट्यांनी एकच विचारलं होतं, "दादा आपली गाडी घेऊन येईल का? खिडकीतून दिसेल मला."

वाटेत पेट्रोल पंप लागला. थोरल्यांनी वेग कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी अर्ध्यावर. त्यांनी गाडी पुढे काढली.

पंपापासून सात किलोमीटरवर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. दोन्हीकडे मोकळं माळरान. थोरल्यांनी चावी फिरवली, पुन्हा फिरवली. मग माझ्या काचेवर बोटाने टकटक केली, आधी हळू, नंतर जोरात. मी हललो नाही. ते मागे पंपाच्या दिशेने चालू लागले. साठीचा माणूस उन्हात कधी चालत होता, कधी पळत होता. दोन तासांनी एका ट्रकमधून डबा घेऊन ते परतले.

इस्पितळाच्या आवारात गाडी लावली तेव्हा वहिनी पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

"अर्धा तास झाला," त्या म्हणाल्या. "दोनदा उशा लावून खिडकीशी बसवलं त्यांना."

पंधरा दिवसांनी थोरल्यांनी गाडी एका मिस्त्रीकडे नेली. "दुरुस्ती नंतर करा," ते म्हणाले. "चूक कोणाची होती, एवढं मला कळलं पाहिजे." वहिनीही आल्या होत्या. त्या दाराशी स्टुलावर बसल्या.

मिस्त्री शांत माणूस. त्यांनी आधी फ्यूज पाहिला, तो चांगला होता. मग टाकीकडची वायर सोडवली, मी डावीकडे पडलो. ती वायर गाडीच्या पत्र्याला टेकवली, मी सरळ उजवीकडे गेलो.

"काट्यात काही बिघाड नाही," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी टाकीवरचं झाकण उघडून दांडी बाहेर काढली. ती सांध्यात गच्च धरली होती. तिच्यावर गंज आणि वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर होता. "ही बघा, अर्ध्यावर अडकलीय. गाडी उभी राहिली की असं होतं. महिन्यातून एकदा जरी रस्त्यावर काढली असती, हिंदकळली असती, तरी ही मोकळी राहिली असती."

थोरल्यांनी कितीतरी दिवसांनी मोठा श्वास घेतला. "म्हणजे दांडी अडकली होती. नाहीतर मी वेळेवर पोचलो असतो."

वहिनी हळूच म्हणाल्या, "हो. त्या दिवशी पेट्रोल नव्हतं. पण भाऊजी, त्याआधी दोन वर्षं तर होतं ना?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि त्या निघून गेल्या.

मिस्त्रींनी दांडी घासून मोकळी केली, थेंबभर तेल सोडलं, टाकीत पाच लिटर पेट्रोल ओतलं. मी हललो. दोन वर्षांत पहिल्यांदा खरं सांगितलं. "या, बघा," मिस्त्री म्हणाले. थोरले आले नाहीत. गाडी तिथेच ठेवून ते पायी घरी गेले. नंतर त्यांनी चावीही मागितली नाही. आता आम्ही गॅरेजच्या मागच्या भिंतीशी उभे आहोत आणि दांडी पुन्हा हळूहळू धरायला लागली आहे.

मित्रांनो, माझ्या लाल टोकाकडे बघून अजून अर्धं शिल्लक आहे असं कधी धरून चालू नका. उभी असलेली गाडी अधूनमधून रस्त्यावर काढा. झाकण उघडून टाकीत स्वतः डोकावा. आणि कोणाकडे जायचं राहिलं असेल, तर पेट्रोल भरा आणि तो फोन यायच्या आत निघा.