दारूखान्यातला पोशाख

लवूला मी तोंडावर ‘अहो’ म्हणते, लिहिताना तेवढा मान वाचवते. लवू माझा नवरा. लालबागच्या गिरणीत बावीस वर्षं साचेवाला, म्हणजे कापड विणायचे साचे चालवायचा. संपाचं दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा गिरणीचा दरवाजा उघडला होता, पण कामगार निवडून घेत होते. निवडीत लवू नव्हता. मग त्याने ठरवलं, समुद्रात बुड्या मारायच्या.

हे खूळ घातलं तुळसाने. ती आमच्या नाक्यावर मासे विकायला बसायची आणि तिच्या नवऱ्याची, हरेश्वरची, होडी ससून डॉकला लागायची. एक दिवस पापलेटं कापता कापता म्हणाली, “होडीच्या पंख्यात जालं अडकतं गो. कोनतरी खाली जाऊन कापायला लागतं. तुझा घोव मालवनचा ना? दम धरता येतो ना त्याला?”

दम त्याला लहानपणापासून धरता यायचा. मधल्या बावीस वर्षांत छातीत कापसाची धूळ गेली आणि खोकला लागला. तो खोकला संपात गेला. संपाने तुम्हाला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी सांगते, नवऱ्याची छाती परत दिली. सकाळी तो चटईवर आडवा पडून नाक धरायचा आणि मी मशीनवर परकर शिवता शिवता आकडे मोजायचे. साठ. सत्तर. नव्वदला त्याच्या ओठांचा रंग बदलायचा आणि माझी शिवण वाकडी जायची.

हरेश्वरने बजावलं होतं, उघड्या अंगाने यायचं नाही. होडीच्या बुडाला शिंपले चिकटलेले असतात, ते पात्यासारखे कापतात. शिवाय डिसेंबरचं गार पाणी. म्हणून आम्ही दारूखान्यात, बंदरावरच्या भंगारबाजारात, गेलो. तिथे तोडलेल्या जहाजांचं सगळं मिळतं, कपबशीपासून नांगरापर्यंत. माझ्याकडे शिवणाचे एकशेदहा रुपये होते. त्यात रबराचा पोशाख, डोळ्यांवरची काच आणि पायात घालायचे बदकाचे पंजे, तिन्ही बसणार नव्हते.

दुकानदार म्हातारा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि पंजे स्वतःच बाजूला सारले. “हे सोडा. होडीखाली पोहायचं नसतं, लटकायचं असतं. पहिले काच बघा. काच गळली तर बाकी सगळं घालून काय करणार?”

काच कशी पारखायची तेही त्याने दाखवलं. पट्टा न लावता तोंडावर दाबायची, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिली तर आपली. लवूच्या तोंडावरून चार काचा पडल्या. पाचवी मी लावून बघितली तर गच्च चिकटली. त्याला लावली, पडली.

“मिशी,” म्हातारा म्हणाला. “मिशीतून पाणी येणार.”

लवूने मिशीवरून हात फिरवला.

पोशाख दोन होते. एक जाड, धड आणि आमच्या आवाक्याबाहेरचा. दुसरा चौथाई किमतीत. त्याला पुढून गळ्यापासून कमरेपर्यंत चीर होती. मी शाळेत फार गेले नाही, पण फाटलेलं आणि कापलेलं यातला फरक मला कळतो. फाटलेल्याला दशा सुटतात. ही चीर सरळ होती, मोठ्या कात्रीने एका दमात मारलेली.

“हा असा का कापलाय?”

“सायबाला घट्ट होत असेल.”

“घट्ट होतो तो माणूस काढून ठेवतो. कापत नाही.”

म्हातारा पितळेची एक कडी पुसायला लागला. लवूने मला कोपराने ढोसलं. “म्हणान तर स्वस्त हा. तू शिव ना गो.”

मी शिवला. चांभाराकडून मेण लावलेला दोरा आणि चामडं शिवायची सुई आणली. दोन दिवस लागले. गळ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी वाळून खपली धरलेलं होतं. तीनदा धुतलं. ते काय होतं याचा विचार करायचा नाही असं मी ठरवलं, आणि शिवून होईपर्यंत दुसरा कसलाच विचार केला नाही.

लवू मिशी काढून आला तेव्हा शेजारची शेवंता गॅलरीत बादली घेऊन उभी होती. बादली तिने तशीच खाली ठेवली. “अगं बाई! अण्णा कधी गेले?”

अण्णा म्हणजे माझे सासरे, गावी धडधाकट. पण आमच्यात बाप गेल्याशिवाय मिशी उतरत नाही. मी समजावत होते तोवर बातमी खालच्या मजल्यावर पोचली. संध्याकाळी तीन बायका भेटायला आल्या. त्यातली एक पिठलंभात घेऊन आली होती, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. खोटं सांगत नाही, आम्ही जेवलो. सकाळी मी गावी कार्ड टाकलं. अण्णा ठीक आहेत असं उत्तर आलं. तरी कोणी मेलेलं नसताना घरात सुतकाचं अन्न आलं, हे मनातून जाईना.

डॉकवर पहिल्या दिवशी पोशाख घालून लवूने उडी मारली आणि बुचासारखा वर आला. पुन्हा मारली, पुन्हा वर. ते रबर माणसाला बुडूच देत नव्हतं. होडीवरचे खलाशी पोट धरून हसले.

“वजन बांध रं कमरेला,” हरेश्वर म्हणाला. “परवा ये.”

गिरणीच्या भंगारात साच्याच्या मागे लटकवायची लोखंडी वजनं मिळाली. लवूने ती चामड्याच्या पट्ट्यात ओवली आणि पट्टा कमरेला दोरीने बांधला. एवढ्या महिन्यांत त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं. गाठ मला ओढून बघायला सांगितली. दगड होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुळसा आणि मी धक्क्यावर उभ्या राहिलो. हरेश्वरने लवूच्या काखेखालून एक दोर घेतला आणि दुसरं टोक होडीला बांधलं. लवू सुरी घेऊन खाली गेला. वर आला. श्वास घेऊन पुन्हा गेला, जाळ्याचा एक गुंडाळा घेऊन वर आला. माझ्याकडे बघून हात केला. तिसऱ्यांदा गेला.

“पट्टा सुटतो कसा गो त्याचा?” तुळसाने सहज विचारलं.

“सुटत नाही. साचेवाल्याची गाठ आहे. भिजली की आणखी आवळते.” मी कौतुकाने सांगितलं. आता ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

तुळसाचा चेहरा बदलला. “बाय, दम संपला की वजन पयलं टाकायचं असतं. एका हातानं. डोलं मिटून.”

मी मोजत होते. साठ झाले होते. साठाच्या पुढचा आकडा मला आठवेना. पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि तो जराही हलत नव्हता.

“अरे खेच त्याला!” तुळसा ओरडली. “गाठ सुटनार नाय त्याची, खेच!”

तिघांनी दोर ओढला. आधी दोर आला, मग बराच वेळ नुसता ताण, मग लवू. एका पायाला जाळं गुंडाळलेलं. काचेआड डोळे उघडे होते, पण ते कोणाकडे बघत नव्हते. हरेश्वरने त्याला पालथा घातला, पाठीवर दणके दिले, आणि तो खोकला. तोच जुना गिरणीतला खोकला. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

त्याच्या दोन्ही हातांची नखं सोलली होती. खाली तो स्वतःचीच गाठ सोडवत होता.

“असली गाठ कशाक बांधलास?” मी ओरडले. अहोजाहो विसरले.

“सुटा नये म्हणान,” तो म्हणाला. बिचारा खरंच बोलत होता.

हरेश्वरने कोयत्याने दोरी कापली. म्हणाला, “गुरुवारी शेजारच्या होडीचं काम हाय. येशील?” मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर लवू “येतो” म्हणून मोकळा झाला होता.

संध्याकाळी तुळसाने त्याला कोळ्यांची गाठ शिकवली. टोक ओढलं की क्षणात मोकळी. लवू चार वेळा बरोबर बांधायचा आणि पाचव्यांदा, लक्ष जरा हललं की, बोटं आपली गाठ मारून मोकळी व्हायची. साच्यावर सुताची तार तुटली की साचा थांबतो, साचा थांबला की जॉबर, म्हणजे मुकादम, शिव्या घालतो. बावीस वर्षं दिवसातून शेकडो वेळा त्याने तारा सांधल्या होत्या. सुटणारी गाठ ही त्याच्या हातांना चूकच वाटत होती.

तेव्हा ठरलं, गाठ मी बांधायची. दर खेपेला मी डॉकवर जायचे. शर्टाचं माप देणाऱ्यासारखा तो दोन्ही हात वर करून उभा राहायचा. खलाशी म्हणायचे, “काय रं, बायकोशिवाय कमर बांधता येत नाय?” तोही हसायचा. मी गाठ बांधायचे, टोक ओढून सोडवायचे, पुन्हा बांधायचे. मग तो जायचा आणि मी आकडे मोजायचे.

फेब्रुवारीत मला ताप आला. दोन दिवस डोळा उघडेना. तिसऱ्या दिवशी उठले तर पोशाख गॅलरीत वाळत होता.

“गेला होता?”

“नाय गो. धुवून टाकलंय.”

मी पट्टा खाटेखालून काढला. दोरीची दोन टोकं लोंबत होती. सुटलेली नव्हती, कापलेली होती.

मी ती टोकं त्याच्यासमोर धरली. ती दुसऱ्या कोणाची असावीत तसा तो बघत राहिला.

“बांधताना तुझीच बांधली व्हती,” तो म्हणाला. “म्हणजे तसा वाटला माका.”

“आणि खाली?”

“खाली कळला.”

“मग?”

“सुरी हातात व्हती.”

“आणि सुरी सुटली असती तर?”

तो उठला, माझ्या कपाळाला हात लावला, चुलीवर कॉफीचं आधण ठेवलं. पाठमोराच म्हणाला, “शनिवारी दोन होड्यांचा काम हा. तू पड हय. तुळसा बांधतली.”

शनिवारी मला एकशेदोन ताप होता. तरी मी डॉकवर गेले.