नावाचे सातशे पन्नास वॅट

मी एक एसएमपीएस बोलतोय. कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या कोपऱ्यात पंखा लावलेली लोखंडी पेटी असते ना, तीच मी. घरातली वीज घ्यायची, तिला बारा व्होल्टवर आणायची आणि डब्यातल्या सगळ्यांना वाढायची, हे माझं काम. पंगतीत वाढप्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. माझ्याकडेही बघत नाहीत, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं.

आधी सांगूनच टाकतो. माझ्या अंगावर ‘७५० वॅट’ अशी पट्टी आहे आणि ती खोटी आहे. ज्या शेडमध्ये माझी जुळणी झाली तिथे आत हलका माल भरला आणि वर ही चकचकीत पट्टी चिकटवली. खरी ताकद फार तर निम्मी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पट्टी मी लावली नाही हे खरं, पण इतकी वर्षं मिरवली मीच.

आठ वर्षांपूर्वी हनुमंतरावांनी मला तंजावरला, मेल वीदी नावाच्या रस्त्यावरच्या आपल्या घरी आणलं. त्यांची सारी नोकरी वीजखात्यात मीटर तपासण्यात गेलेली. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावरची जुनी मराठी बोलतात, वर्तमानपत्र तामिळ वाचतात, आणि विजेच्या बाबतीत हनुमंतरावांचा शब्द शेवटचा. त्यांची मुलगी नंदिता कॉलेजची टिपणं लिहायची, ते स्वतः रेल्वेची तिकिटं काढायचे. एवढ्याला मी पुरून उरत होतो. आल्यागेल्याला ते माझं कौतुक सांगत आणि मी ते ऐकून घेत असे.

यंदा नंदिताला काम मिळालं. लग्नाचे हॉल बांधण्याआधी ते आतून कसे दिसतील, याची फिल्म कॉम्प्युटरवर करून द्यायची. त्यासाठी भारी ग्राफिक्स कार्ड हवं. ते तिला गणेशकुमारने दिलं. तिरुवैयारुच्या रस्त्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. आपल्याच भाषेतला माणूस. वापरलेलं पण उत्तम कार्ड त्याने तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. तीन पंख्यांचं ते धूड शेजारी येऊन बसलं तेव्हाच मी ओळखलं, हे मला झेपणार नाही.

चित्र नुसतं पडद्यावर असेपर्यंत ठीक चालायचं. पण फिल्म तयार करायचं बटण दाबलं, की कार्ड एका क्षणात एवढी वीज मागायचं की माझी बोबडीच वळायची. टक् करून मी बंद पडायचो आणि सगळंच विझायचं. नंदिताने धूळ काढली, कार्ड उपसून पुन्हा बसवलं, प्रोग्राम नव्याने घातले. एकाच वायरची दोन तोंडं कार्डाला लावली होती, तिथे दोन वेगळ्या वायरी लावल्या. तरी तेच.

“अप्पा, एसएमपीएसच असेल,” ती म्हणाली.

हनुमंतरावांना ते लागलं. “आठ वर्ष कधीं दगा दिला नाहीं हें. थांब, तुला दाखवतों.”

त्यांनी मला बाहेर काढलं, मी डब्याबाहेरही चालू व्हावा म्हणून एक क्लिप वाकवून माझ्या दोन पिना जोडल्या आणि आपला जुना मीटर लावला. माझ्यावर तेव्हा भार काहीच नव्हता. रिकाम्या हाताने कोणीही ताठ उभा राहतो. मीटरवर बारा व्होल्ट दिसले, वर थोडे जास्तच.

“पाहिलीस? बारा बरोबर. कार्डच खराब अहे. गणेश फसविला आपल्याला.”

मी बोलू शकत नव्हतो ही पळवाट मी स्वतःला पुष्कळदा दिली आहे. पण खरं सांगू? त्या घटकेला बोलता आलं असतं तरी मी गप्पच बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी. त्या घरात पकड, स्क्रू-ड्रायव्हर, शिलाई मशीन, सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं. मलाही लागलं, झेंडूचं फूलही मिळालं. कार्ड मात्र हनुमंतरावांनी खोक्यात घालून जिन्याखाली ठेवलं होतं. खोट्या वस्तूची पूजा करायची नसते, म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर चोराच्या कपाळी कुंकू. ते चंदन वाळेपर्यंत मला नुसतं चरचरत होतं.

तेवढ्यात सुंडल, म्हणजे प्रसादाची उसळ, घ्यायला शेषगिरी आले. नात्यातले, मुलांचा कॉम्प्युटर क्लास चालवणारे. क्लाससाठी आठ मशीन ते गणेशकुमारकडूनच घेणार होते.

“त्या गणेशकडे नको जाऊं,” हनुमंतराव म्हणाले. “घरच्याच लोकांस खोटा माल देतो.”

शेषगिरींनी तिथूनच फोन करून मशीन नको म्हणून कळवलं. कारणही सांगितलं. एका वाक्यात एका माणसाचं नाव गेलं, आणि ते माझ्यामुळे.

विजयादशमीला सकाळी गणेशकुमार दारात उभा राहिला. भांडला नाही. “मामा, कार्ड परत घेतों. एकदां पाहून घेतों फक्त,” म्हणाला. सोबत त्याने स्वतःच्या दुकानातला एसएमपीएस आणला होता. मला काढून तो बसवला, जिन्याखालचं कार्ड लावलं, आणि नंदिताने बटण दाबलं. कार्डाचे तिन्ही पंखे घरघरले. हॉलचे खांब, तोरणं, खुर्च्या एकामागून एक उमटत गेल्या. फिल्म पुरी झाली. मी जमिनीवर उताणा पडून हे पाहत होतो.

हनुमंतरावांनी मला उचललं आणि माझ्यावरची पट्टी वाचली.

“राहूं दे मामा,” गणेशकुमार म्हणाला. “कोणास सांगायास नको.”

“उद्यां तुझ्या दुकानास येतों,” एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मला पिशवीत घालून दुकानात गेले. शेषगिरींनाही बोलावून घेतलं होतं. दुकानात मोटारीचे जुने बारा व्होल्टचे दिवे होते. हनुमंतरावांनी क्लिप वाकवली, मीटर लावला. बारा. मग स्वतःच्या हाताने एकेक दिवा माझ्यावर चढवत गेले. दोन दिव्यांना मी तग धरला. तिसऱ्याला मीटर खाली आला. जन्मभर मी उघडा पडू नये म्हणून धडपडलो, पण त्या वेळी वाटलं, लवकर चौथा लावा आणि सुटका करा. चौथा लागला आणि मी टक् करून विझलो.

“कार्ड चांगलें होतें,” हनुमंतराव शेषगिरींना म्हणाले. “मी भार न टाकतां पाहिलों आणि ह्याला खोटा म्हटलों.”

“मामा, हें फोनवर सांगितलें असतें तरी चालिलें असतें,” शेषगिरी संकोचून म्हणाले.

“नाहीं. त्याचें नांव मी तुझ्यासमोर घालविलों. तुझ्यासमोरच परत दिलें पाहिजे.”

सत्तरीच्या माणसाने हे मान खाली घालून म्हटलं. शेषगिरींनी गणेशकुमारला विचारलं, मशीन कधी देतोस. मी बाकावर गार पडत होतो. चूक त्यांची एका दिवसाची, माझी आठ वर्षांची, आणि कबुली त्यांनी दिली.

आता मला खोलून माझं तांबं वेगळं काढतील. त्याची तक्रार नाही. माझं मागणं एकच आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला रिकाम्या हाताने उभा करून शाबासकी देऊ नका. आधी त्याच्या अंगावर भार टाका, आणि मग दुसऱ्या कोणाला खोटं म्हणायचं ते ठरवा.