दस्त्यावरचे दात

"हा काळा रंग पार काढ आणि आरशासारखं चमकव," म्हणत मुकादमाने बंदुकीचा लाकडी दस्ता टेबलावर ठेवला. "आमच्या सासऱ्यांची बंदूक. दिवाणखान्यात लावायचीय. खड्डे दिसले तर वाफ देऊन उचल."

पॉलिशवालीने नुसती मान हलवली. त्याने तिला ओळखलं नाही. कारखान्यात त्याने तिला पाहिलं, तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. कारखान्याची बंदूक वॉचमननेच विकली, असं मालकांसमोर छातीठोक सांगणारं त्याचं तोंड मात्र ती विसरली नव्हती. तो वॉचमन म्हणजे तिचे बाबा. तेव्हापासून ते दिवसाउजेडी घराबाहेर पडेनासे झाले होते.

रंग उतरवायच्या औषधाचा वास बाळाच्या नाकात जायला नको, म्हणून तिने पाळणा आत नेला, दार ओढलं, पुन्हा जाऊन नीट लागलंय ना ते पाहिलं. औषध लावताच काळा रंग फोडांसारखा फुगला. रेषेरेषेने तिने तो खरवडला. मागच्या कडेला चार बारके खड्डे निघाले. सवयीने तिने ओलं फडकं त्यांवर पसरलं, तापलेली इस्त्री उचलली, आणि आत बाळ रडलं. दात येत होते. हाताला लागेल ते चावत होतं.

इस्त्री हवेतच राहिली.

याच वयात तिनेही बाबांच्या मांडीवर बसून कारखान्याची बंदूक चावली होती. मालक पोट धरून हसले होते, आणि कारखानाभर तिचं नाव 'चावरी' पडलं होतं. आता एक वाफ, की लाकूड फुगून खड्डे गायब आणि बाबांवरचा डाग कायमचा.

तिने इस्त्रीची पिन उपटली. "थांब, मुकादमा," ती दातओठ खात पुटपुटली, "असं चमकवते तुला!"

मुकादम दस्ता न्यायला आला तेव्हा दुकानात तिने बोलावलेले कारखान्याचे म्हातारे मालक काठी टेकून बसले होते. कोपऱ्यात बाबा.

"हे काय? पॉलिश कुठंय?"

"राहिलंय. आधी सांगा, तुमच्या सासऱ्यांच्या बंदुकीला चावलं कोण?"

मालकांनी खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. "चावरे, हे तर तुझे गं!" मग मुकादमाकडे पाहिलं आणि बाबांपुढे मान खाली घातली.

मुकादम दाराकडे सरकला. पण बाबा त्याच्या आधी तिथे पोचले होते. त्यांनी कडी घातली.

"थांबा साहेब," ते म्हणाले, "झडती दिल्याशिवाय गेटबाहेर जायचं नसतं."