दाट म्हणजे जास्त नव्हे

ताई छापखान्यात शिरली ती फणफणतच. मालकाने पुढे केलेली खुर्ची तिने पायानेच बाजूला सारली. गणिताचं पुस्तक तिने आणि धाकट्या भावाने मिळून लिहिलेलं; दोघंही शिकवणारे. पण अनंत संख्यांच्या धड्यातलं तिचं वाक्य तिला न विचारता बदललं गेलं होतं. आता तिथे होतं, ‘अपूर्णांक दाट असतात, म्हणून ते एक, दोन, तीन या संख्यांपेक्षा जास्त असतात.’

“हे कुणी लिहिलं?”

“मी,” कागदाच्या गठ्ठ्यावर बसलेला भाऊ म्हणाला. “पोरांना समजायला नको? कुठलेही दोन अपूर्णांक घे, मधे तिसरा घुसलेलाच.”

“घुसू दे! दाट म्हणजे जास्त नव्हे, गाढवा!” यंत्राच्या खडखडाटावर तिचा आवाज चढला. “प्रत्येक अपूर्णांकाला एक, दोन, तीन असा एकेक क्रमांक देता आला, की दोन्हीकडचे सारखेच.”

“क्रमांक देणार कसे? शेजारी शेजारी उभेच राहत नाहीत ते!”

“रांग उंचीनुसारच लावायची, असं कुणी सांगितलं?” तिने एक रद्दी कागद ओढला. “वरच्या-खालच्या आकड्यांची बेरीज कर. बेरीज दोनवाला आधी, मग तीनवाले, मग चारवाले. पुन्हा आलेले गाळ. प्रत्येक गटात मोजकेच, ओळीने क्रमांक देत जा. सांग, कोण सुटला?”

भाऊ कागदावर बोट फिरवत राहिला. त्याला पटलंय, हे तिला चेहऱ्यावरूनच कळलं. तिचा राग तिथेच ओसरलाही असता.

“असेल तुझं बरोबर,” तो म्हणाला. “पण आता छापून झालंय. कोण बघतंय एवढं?”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक कुणाचीही होते, पण कळूनसवरून?

“हे पान पुन्हा छापा,” तिने मालकाला फर्मावलं.

“नाही छापायचं!” भाऊ ताडकन उठला. “लहानपणापासून माझं सगळं खोडत आलीस. हे राहणार.”

“मग माझं नाव राहणार नाही.”

ती नेहमीसारखी बडबडेल नि निवळेल, असं त्याला वाटलं. पण तिने मुखपृष्ठाचा नमुना टेबलावर पसरला, मालकाच्या खिशातलं पेन उपसलं आणि आपल्या नावावर अशी रेघ ओढली की कागद टरकन फाटला.

“आई विचारेल,” भाऊ पडेल आवाजात म्हणाला.

“तूच सांग. पोरांना सांगतोस तसं, समजेल असं.”

रस्त्यावर आल्यावर ती भरभर चालू लागली. बरं वाटत नव्हतं, पण मागे फिरावंसंही वाटेना.

पुस्तक त्याच्या एकट्याच्या नावाने निघालं, त्या वाक्यासकट. आईकडे दोघं अजून जेवायला येतात. ताई त्याच्याकडे मीठसुद्धा मागत नाही.