पाइनचं कुरण

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. पण नुसती फळी म्हणाल तर ऐकून घेणार नाही. माझ्या पाठीवर मेंढ्यांची अख्खी शेती आखलेली आहे. कूमा गावाच्या पलीकडे, माळावर राहणाऱ्या एस्मे हॅड्रिकनं मला कातरणीच्या शेडच्या मोडक्या दारातून कापलं आणि लोकरीच्या गाठींवर नाव घालायच्या काळ्या रंगानं माझ्यावर खेळाची घरं काढली. शाळेत ती चारच वर्षं गेली. रेघा मात्र सरळ आहेत, बघून घ्या.

खेळ सोपा. प्रत्येकाला पाच कुरणं. मेंढ्या म्हणून मेंढीच्याच पायातली गोटीएवढी हाडं. फासा टाकायचा, पत्ता उचलायचा, चारायचं, कातरायचं. ज्याच्या बारा गाठी आधी भरतील तो जिंकला. पाचवं कुरण पाइनच्या झाडांच्या आडोशाचं. ते कातरणीपर्यंत रिकामं ठेवलं तर गाठी कमी भरतात. नाही ठेवलं, आणि ‘गार वारा’ हा पत्ता निघाला, तर कातरलेल्या मेंढ्या सगळ्या मेल्या.

वीस वर्षं मी या घराची लाडकी होते. पाहुणे जेवण उरकायची घाई करत ते माझ्यासाठी. मग एका हिवाळ्यात तो गार वाऱ्याचा पत्ता एस्मेला लागोपाठ तीनदा निघाला. तिचा मुलगा डॅरिल हसला. एस्मेनं पत्ता उचलून सरळ चुलीत घातला.

“खेळाची मजा घालवतो मेला!”

त्यानंतर पाचवं कुरण भरायला कुणी भीत नसे.

पुढे डॅरिलनं बर्निसला लग्न करून आणलं. ती सिडनीची, शिंप्याची मुलगी. तिनं माझ्या कडेला लिहिलेले नियम वाचले आणि जळून गेलेल्या पत्त्यासाठी पाचवं कुरण रिकामं ठेवत राहिली. दर वेळी हरायची.

“शहरच्या बाई, गवत काय फोटो काढायला ठेवलंय?” एस्मे विचारायची.

“असू दे हो आई. मला हरायची सवय आहे.”

एका नोव्हेंबरात खऱ्या कातरणीच्या तोंडावर एस्मेनं खऱ्या पाइनच्या कुरणात चाळीस गोऱ्हे सोडले.

“आई, वारा आला तर मेंढ्या कुठे न्यायच्या?”

“नोव्हेंबर आहे, हिवाळ्यातला जुलै नव्हे. तू बिस्किटं बघ, करपतायत.”

करपत नव्हती. मी टेबलावरच होते.

कातरून तिसऱ्या दिवशी भरदुपारी डोंगराकडून वारा फिरला आणि पाऊस आडवा येऊ लागला. नऊशे मेंढ्या, उघड्या अंगाच्या. डॅरिल दारात उभा राहून आईच्या तोंडाकडे बघत होता. आई खिडकीबाहेर बघत होती. बर्निसनं बूट चढवले.

“कुठे निघालीस?”

“गोऱ्हे बाहेर काढते. रागवायचं ते नंतर रागवा.”

एस्मेनं डॅरिलच्या पाठीत धपका घातला.

“उभा काय राहिलास खांबासारखा? कुत्री सोड!”

गोऱ्ह्यांनी गवत मुळापर्यंत खाल्लं होतं, म्हणून ओल्या मेंढ्यांपुढे वाळका चारा नेऊन टाकावा लागला. दोनशे सहा मेंढ्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर पडून मेल्या. बाकीच्या पाइनच्या आडोशाला वाचल्या. मेलेल्या पुरायला तीन दिवस लागले. एस्मे खड्ड्याच्या काठावरून हलली नाही, आणि रडलीही नाही.

पुढच्या वर्षी कातरणीचे गडी जेवायला बसलेले असताना, सगळ्यांदेखत, तिनं सुनेला विचारलं, “पाइनचं कुरण कधीपासून बंद करायचं?”

“सहा आठवडे आधी.”

“ऐकलंस ना, डॅरिल? फाटकाला साखळी घाल.” आणि तिनं बटाटे बर्निसपुढे सरकवले.

आता मी कपडे धुवायच्या मशीनमागे उभी असते. कुणी आडवी केलीच, तर माझ्यावर कुत्र्याच्या औषधाची बाटली ठेवतात. रडगाणं गायचा माझा स्वभाव नाही. एवढंच सांगते, मित्रांनो: मला कोरड्या फडक्यानं पुसा, हाडं मोजून डब्यात ठेवा, आणि आपल्याला हरवणारा पत्ता कितीही नकोसा झाला तरी काढून टाकू नका. माझ्यावर मेंढ्या मेल्या, तर हाडं गोळा करून पुन्हा मांडता येतात.