दोनशे सतरा नंबरची प्लेट

"वा, काय प्लेट आलीय!" डॉ. आगाशे खिडकीपाशी उभे राहून एक्स-रेची ओली फिल्म उजेडाला धरत म्हणाले. "बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी. नीला, शाब्बास!"

कोंडीराम तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभा होता. औषधाचं पाणी त्याच्या कोपरावरून अजून ठिबकत होतं. ती फिल्म डार्करूममध्ये त्यानेच धुतली होती. पण शाबासकी त्याला वळसा घालून गेली आणि नेमकी त्या पोरीच्या पदरात पडली.

"काकांनी धुतलीय, सर," नीला म्हणाली.

"हो, हो," डॉक्टर म्हणाले आणि दुसरी फिल्म उचलली.

त्या 'हो, हो'ने कोंडीरामला जे झोंबलं, ते शिवीनेही झोंबलं नसतं. आणि पोरीने त्याची बाजू घ्यावी? बावीस वर्षांची, पिंपरीच्या चाळीतली, मुंबईहून एक्स-रे काढण्याचा डिप्लोमा घेऊन आलेली, नोकरीला जेमतेम चार महिने झालेली. हिने त्याची शिफारस करायची!

चिंचवडच्या या कामगार दवाखान्यात कोंडीराम बासष्ट साली झाडूवाला म्हणून लागला. वर्षभरात डार्करूमचं दार त्याच्या हाती आलं आणि पुढची बारा वर्षं तो त्या खोलीचा राजा होता. खोली सहा फूट बाय आठ, एक मिणमिणता लाल दिवा, दोन टाक्या आणि एक नळ. राज्य लहान होतं, पण तिथे दुसऱ्या कुणाचं चालत नसे. भिंतीवर घड्याळ होतं, ते लाल उजेडात त्याला दिसत नसे आणि दिसावं अशी त्याची इच्छाही नव्हती. फिल्म औषधात बुडवली की तो डोळे मिटून गावठाणातल्या आपल्या घराचा उंबरा ओलांडायचा. शिंप्याचं दुकान, पाणवठ्याचा बोळ, देवळाची कमान, असं मनातल्या मनात चालत पवनेच्या घाटाची पहिली पायरी आली की फिल्म वर काढायची. थंडीत दोन पायऱ्या जास्त उतरायच्या. उन्हाळ्यात औषध तापतं, काम लवकर होतं, तेव्हा कमानीपासूनच परत फिरायचं. बारा वर्षांत त्याची एक प्लेट वाया गेली नव्हती.

आणि ही पोरगी ऊन तापायला लागताच थर्मामीटर घेऊन आत शिरली होती. "काका, आज औषध तापलंय हं. तीनच मिनिटं ठेवा."

"मला ठावं हाय," तो म्हणाला होता. ठाऊक होतंच. पण मग तिने सांगितलं म्हणून तीन मिनिटं झाली, की त्याला कळत होतं म्हणून? जगाच्या दृष्टीने तिने सांगितलं म्हणूनच.

आगाशे डॉक्टर पुण्याहून आठवड्यातून दोनदा येत. फाउंड्रीत वाळूची बारीक धूळ कामगारांच्या छातीत कशी साठते, यावर त्यांचा प्रबंध चालला होता. दोनशे एकवीस कामगारांच्या छातीच्या प्लेटा घ्यायच्या, वाचायच्या, कंपनीला चिठ्ठी पाठवायची. हे काम सुरू झालं तेव्हा डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "प्रबंध छापून आला की त्यात तुमची सगळ्यांची नावं असतील." कोंडीरामने त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शिंप्याला, मग वाण्याला, आणि आठवडाभरात निम्म्या गावठाणाला.

आता बायको, केसरबाई, भाकरी थापता थापता म्हणे, "अवो, त्या पोरीचं नाव दिवसातनं किती येळा घेता? माझं तरी घेता का येवढं?"

"मी कुठं घेतो?"

"सकाळधरनं पाचदा झालं. म्या मोजतीय."

तो ताटावरून उठला होता. माणसाच्या पोटात काय दुखतं ते बायकोला बरोबर कळतं आणि ती नेमकं तिथंच बोट ठेवते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात प्रबंधाच्या टंकलिखित कागदांचा एक गठ्ठा टेबलावर होता. वरचं पान आभाराचं. इंग्रजीत. कोंडीरामने अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "यात काय लिवलंय गं?"

नीलाने वाचलं आणि मराठीत सांगितलं. कॉलेजच्या अधिष्ठात्यांचे आभार, कंपनीचे आभार. "आणि इथं, 'कुमारी नीला हिने काढलेल्या उत्कृष्ट प्लेटांमुळे हे काम शक्य झालं.'" तिचे कान लाल झाले. "मग 'दवाखान्यातील इतर कर्मचारी.' बस्."

"माझं नाव कुठंय?"

ती गडबडली. "इतर कर्मचाऱ्यांत की, काका. मी सांगते सरांना, टाकायला सांगते..."

"नगं," कोंडीराम म्हणाला. "तू कायबी सांगू नगंस."

त्याच दुपारी बारा फिल्मा धुवायला आल्या. शेवटच्या तुकडीतल्या, दोनशे दहा ते दोनशे एकवीस. कोंडीरामने आतून कडी लावली. त्या वेळी त्याच्या मनात काय चाललं होतं ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फिल्म औषधात जास्त राहिली की काळी पडते. बाहेर बघणाऱ्याला वाटतं, मशीनवाल्याने किरणच जास्त दिले. मग डॉक्टर चिडतील, पोरीला बोलतील, निदान एकदा तरी बोलतील. एवढंच त्याला हवं होतं. एकदाच तिचा चेहरा उतरलेला बघायचा होता.

त्या भर उन्हाळ्यात कमानीपासून परत फिरायचं सोडून तो घाटावर गेला आणि पायऱ्यांवर बसून राहिला.

एक फिल्म त्याने मध्येच वर काढून लाल दिव्यापुढे धरली. हाताची सवय. कोपऱ्यात शिशाच्या आकड्यांचा ठसा होता, दोनशे सतरा. दोन्ही फुफ्फुसांत खसखस सांडल्यासारखे पांढरे ठिपके उमटत होते. असे ठिपके बारा वर्षांत त्याने पुष्कळ पाहिले होते आणि ते कशाचे हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो क्षणभर थांबला. मग बाहेरून नीलाचा आवाज आला, "काका, झालं का? वेळ संपली," आणि त्याने ती फिल्म परत औषधात सोडली. बघता बघता ठिपके काळ्यात बुडाले.

पण डॉक्टर चिडले नाहीत. त्यांना गाडी गाठायची होती. "जरा गडद आल्यात," ते फिल्मा भराभर सरकवत म्हणाले, "पण साफ आहेत. नीलाच्या प्लेटा म्हणजे बघायला नको." बाराही चिठ्ठ्यांवर त्यांनी 'निर्दोष' लिहिलं आणि निघून गेले. कोंडीराम बघतच राहिला. प्लेटा बिघडवल्या तरी कौतुक तिचंच!

दहा-बारा दिवस गेले. एका सकाळी भिवा पेढ्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात आला. भिवा फाउंड्रीतला जुना कामगार, पंचेचाळिशीचा, दोन वर्षांपासून खोकल्याला औषध न्यायला येणारा. तपासणी होईपर्यंत त्याला गेटवर हलक्या कामाला बसवलं होतं. आता चिठ्ठी साफ आल्यामुळे त्याला पुन्हा त्याच्या जुन्या जागी, वाळूच्या माऱ्याने लोखंड साफ करतात त्या खोलीत घेतलं होतं.

"पोरी, हे घे," तो नीलाला म्हणाला. "तुझ्या हाताला यश हाय. गेटवर बसून बसून जीव इटला हुता. लोकं म्हणायची, भिवा संपला."

कोंडीरामला वाटलं, बघा, याचे पेढेसुद्धा हिलाच. त्या क्षणीसुद्धा आधी मनात आलं ते हेच. मग भिवाला खोकल्याची उबळ आली. तो दाराच्या चौकटीला धरून वाकला, आणि त्याच्या खिशातून चिठ्ठी खाली पडली. कोंडीरामने ती उचलली. नंबर दोनशे सतरा.

त्याने चिठ्ठी भिवाच्या हातात दिली. "त्या खोलीत कदीधरनं जातोस?"

"सोमवारचा सोमवार झाला. आज नववा दिस."

त्याच दुपारी डॉक्टर आले तेव्हा कोंडीरामने ती प्लेट काढून त्यांच्यापुढे धरली. "साहेब, ही परत बघा. ही बिघडल्याली हाय."

डॉक्टरांनी या वेळी नीट पाहिलं. मग दोनशे सोळा मागितली, दोनशे अठरा मागितली, आणि त्यांचा चेहरा बदलला. "नीला! किती एक्सपोजर दिलंस? या बाराच्या बारा वाया आहेत. यात ठिपके असले तरी दिसणार नाहीत. मी यांच्यावर सह्या केल्यात!"

नीला पांढरीफटक पडली. "नेहमीचंच दिलं होतं, सर... चुकलं असेल माझं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

इतके दिवस कोंडीरामने ज्याची वाट पाहिली होती ते समोर घडत होतं. त्याने फक्त गप्प राहायचं होतं. प्लेटा पुन्हा निघणारच होत्या, भिवाचं खरं काय ते कळणारच होतं, आणि पोरीचं नाव आभारातून गेलंही असतं. त्याला हेही कबूल करावं लागेल की पोरीचा उतरलेला चेहरा पाहून आत कुठेतरी थोडं बरं वाटलं. थोडंच, आणि लगेच त्याची त्याला शिसारी आली.

"तिचं न्हाई," तो म्हणाला. "म्या केलं. औषधात ठिवल्या, मुद्दाम."

"मुद्दाम? का?"

"तुमी तिचं नाव घेत हुता, म्हणून."

डॉक्टरांनी बाराही प्लेटा गोळा करून पाकिटात घातल्या. मग म्हणाले, "बारा प्लेटा पुन्हा का काढल्या, हे मला प्रबंधात लिहावं लागेल, कोंडीराम."

"लिवा की," तो म्हणाला. "नावासकट लिवा."

डार्करूमची किल्ली त्याने स्वतःच टेबलावर ठेवली. नीलाने ती लगेच उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी भिवाला बोलावून प्लेट काढली. धुतली नीलाने. कोंडीराम बाहेर बाकावर बसून होता. आतून डॉक्टरांचा हळू आवाज येत होता, मधूनच भिवाचा "व्हय, व्हय". मग भिवा बाहेर आला. सदरा खांद्यावर, छाती उघडी. तो बाकावर टेकला.

"डाक्टर म्हन्तात दोन्हीकडं हाय. मागं तर साफ हुतं." त्याने कोंडीरामकडे पाहिलं. "कोंडीरामभाऊ, तुमी जुनं मानूस. यातली खरी कंची?"

"ही खरी," कोंडीराम म्हणाला. "ती म्या नासवली. त्या पोरीवर जळत हुतो, म्हणून."

भिवाने सदरा अंगात घातला. एकेक बटण लावायला त्याला वेळ लागत होता. शिवी देईल, थोबाडीत देईल, म्हणून कोंडीराम वाट पाहत होता. खरं तर त्याला तेच हवं होतं.

"नऊ दिस त्या खोलीत काढले म्या," भिवा शेवटी म्हणाला. रागाने नव्हे, माहितगार माणसाला विचारावं तसं. "तेवढी धूळ येगळी दिसतीय का यात? त्या नऊ दिसांची?"

कोंडीरामने तोंड उघडलं. बारा वर्षांत त्याला प्लेटांबद्दल कुणी असं, त्याच्या शब्दावर विसंबून विचारलं नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला. "तेवढी येगळी दिसत न्हाई."

"बरं," भिवा म्हणाला, आणि श्वास जागेवर येईपर्यंत त्याच्याच शेजारी बसून राहिला.